दहावं फडकं

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, उमरग्यातल्या एका अंगणात, रेडिएटरचे दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, बदलून तयार झालेली गाडी चालू करायला गाडीच्या मालकीणबाईंनी नकार दिला. कामाला घेतलेली फडकी दहा होती. काम संपल्यावर ट्रेमध्ये नऊ भरली.

अंगणात त्या वेळी आम्ही चौघे होतो. मालकीणबाई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणत असे. शेजारचे मास्तर, म्हणजे टेलर, मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोलापूरच्या एका डायलिसिस केंद्रानं त्यांच्यासाठी एक मशीन त्या दिवशी बारा वाजेपर्यंत राखून ठेवलं होतं. बारानंतर ते दुसऱ्या रुग्णाला मिळणार होतं आणि मास्तरांचा पुढचा नंबर थेट शनिवारी होता. मास्तरांच्या पत्नी, भाभी, फाटकाशी उभ्या होत्या. चौथा मी, वरच्या खोलीतला भाडेकरू. सिस्टर गाडी चालवत असतील तर उमरग्याहून सोलापूरला दोन तास लागतात.

"एक फडकं कमी हाय," सिस्टर म्हणाल्या. "गाडी निघणार न्हाय."

मी त्या घरात तीन वर्षं काढली. वर्तमानपत्राच्या कामासाठी उमरग्यात बदली झाली होती आणि बसस्थानकापासून चालत जाता येईल अशी खोली हवी होती. खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरनी कामाचं, गावाचं, आडनावाचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "नखं दाखव." दाखवली. "जीभ." तीही दाखवली. "पाणी कमी पितोस. वर कळशी ठिवते, रोज रिकामी झाली पायजे." आणि किल्ली दिली. पेपरात काम करतो, हे मी आपणहून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. हात धुतोस न्हवं?"

उंचीनं त्या कमी होत्या. घड्याळ पुरुषी, सेकंद काटा असलेलं, आणि त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. घरात एकट्या राहत. गाडीचं काम करायचं असलं की साडीवरून हिरवा गाऊन चढवत, ऑपरेशनच्या वेळी घालतात तसला, पाठीमागं नाड्यांचा. नाड्या स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. त्यामुळे दर रविवारी सकाळी सात वाजता खालून हाक यायची, "पेपरवाल्या, नाड्या!" मी नसलो तर दूधवाला बांधायचा. एकदा वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसानं बांधल्या. त्यानं गाठ मारली म्हणून त्याला फास कसा घालायचा ते शिकवून मगच मीटर दाखवला.

मोजायच्या त्या कानडीत. बोलणं मराठीत, रागावणं मराठीत, फोनवर बहिणीशी दोन्ही मिसळून. पण मोजणी कानडीतच. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजायच्या. पाहुणे गेले की कप मोजायच्या. याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. त्यांचं शिक्षण सीमेपलीकडच्या एका दवाखान्यात झालं. तिथं ऑपरेशनच्या खोलीत मोठ्या सिस्टर होत्या, त्या कानडीत मोजायच्या. पोट उघडायच्या आधी कापडाचे बोळे मोजायचे, कात्र्या, चिमटे मोजायचे. शिवायच्या आधी परत मोजायचे. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच डॉक्टरांना शेवटच्या टाक्याचा दोरा द्यायचा. न जुळल्या तर दोरा द्यायचा नाही, मग डॉक्टर कितीही ओरडोत.

गल्लीत वेगळी गोष्ट सांगत. सिस्टर नोकरीत नव्या असताना एका बाईच्या पोटात बोळा राहिला होता आणि तेव्हापासून त्यांनी मोजण्याचा असा धसका घेतला, अशी. तीन जणांनी मला ती तीन वेगवेगळ्या गावांची म्हणून सांगितली. मी सिस्टरना सरळ विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"गल्लीत बोलतात."

"आमच्यात एकदाही राहिला न्हाय. का राहिला न्हाय? मोजत हुतो म्हणून. लोकास्नी आदी कायतरी वंगाळ घडल्याबिगर शिस्त पटतच न्हाय बघ."

याला दुजोरा देऊ शकेल असं त्या काळातलं कुणी मला भेटलं नाही. उलट सांगणारं, स्वतः पाहिलेलंही, कुणी भेटलं नाही.

गाडी निवृत्तीनंतर घेतलेली. जुनी, पांढरी, लहान. सुरुवातीला ती इतरांच्या गाड्यांसारखीच गॅरेजात जात असे. एकदा गॅरेजातून आणल्यावर वळणावर बोनेटखाली खण् असा आवाज यायला लागला. सिस्टरनी घरी येऊन बोनेट उघडलं तर बॅटरीच्या कडेला कुणाचा तरी पाना पडलेला. पाना धुतला, कागदात गुंडाळून गॅरेजवाल्याला परत नेऊन दिला. तो हसला. म्हणाला, "ऱ्हातंय की सिस्टर कधीमधी." त्यानंतर गाडी कधीही गॅरेजात गेली नाही.

"त्यो पाना वाजला म्हणून कळला," त्या मला म्हणाल्या. "न वाजणारं काय काय ऱ्हाईलं आसंल, त्येचा इचार कर."

मग त्या हायवेवरच्या एका ट्रक मिस्त्रीकडे जाऊन बसायला लागल्या. घरून स्टूल न्यायच्या, वही न्यायच्या. चार महिने, दुपारी दोन ते पाच. तो मिस्त्री अजून तिथंच काम करतो. त्याचं म्हणणं असं : "पयल्या दिशी मला वाटलं, सरकारनं तपासनीला बाई धाडली. चौथ्या दिशी माझे समदे पाने रॉकेलनं धुऊन, पुसून, लहानापासनं मोठ्यापातूर वळीनं लावून ठिवले. म्हयनाभर मला एक पाना घावला न्हाय. पर सांगतो, बाईचा हात लई साफ. कूलंट काढलं तर जमिनीवर एक थेंब न्हाय."

यातलं शेवटचं वाक्य मी स्वतः तपासलेलं आहे. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, खालचा नळ सैल करून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं गुलाबी पाणी, घमेल्यात घ्यायचं, होजच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा ढिल्या करायच्या. जुना होज लोखंडाला चिकटून बसलेला असतो. बहुतेक जण तो पक्कडीनं पिरगाळतात. सिस्टर पिरगाळत नसत. ब्लेडनं टोकाशी उभी चीर द्यायच्या आणि तो सालीसारखा सोलून काढायच्या. "जुन्याला काय जपायचं? तोंडाला जपायचं," असं त्यांचं सांगणं. तोंड म्हणजे ज्या नळीवर होज बसतो ती नळी. ती बारीक पॉलिश पेपरनं घासायची, नवा होज साबणाच्या पाण्यानं ओला करून सरकवायचा. तेल लावायचं नाही, तेलानं रबर फुगतं. क्लिप काठापासून बोटभर आत. ट्रे दवाखान्यातला, कानाच्या आकाराचा, स्टीलचा.

आणि दहा फडकी. नोकरीतल्या पांढऱ्या सुती साड्या फाडून केलेली, प्रत्येक हातभर. नळीचं तोंड घासताना कीस इंजिनात पडू नये म्हणून फडकं तोंडात कोंबायचं आणि घासून झालं की काढायचं. प्रत्येक फडक्याला टोकाशी वीतभर लाल दोरा शिवलेला होता. दोरा बाहेर लोंबत ठेवायचा. लाल दोरा दिसला की आत फडकं आहे. ओढायचं. ही पद्धतही ऑपरेशनच्या खोलीतली. हे दहा लाल दोरे मास्तरांनी स्वतःच्या मशीनवर शिवून दिले होते.

मास्तर आणि सिस्टर यांची घरं एका भिंतीनं जोडलेली. नोकरीतले सिस्टरचे सगळे ब्लाउज मास्तरांनी शिवले. माप एकदाच घेतलं, पहिल्या वर्षी. पुढं सिस्टर जाड झाल्या, बारीक झाल्या, मास्तर फाटकातून जाताना बघून अंदाजानं शिवायचे आणि ते बसायचे. हे सिस्टरना मान्य नव्हतं.

"मास्तर, माप घ्या. अंदाजानं काम करणं म्हणजे चोरी."

"डोळ्यात टेप हाय माझ्या."

"मोतीबिंदू झाला म्हंजी टेप वाचायची कुणी?"

मास्तर गदगदून हसायचे. त्यांची माझी पहिली भेट जिन्याखाली झाली. मी नमस्कार केला, त्यांनी माझा हात धरला, वरच्या खिशातून दोरे कापायची बोटाएवढी कातर काढली आणि माझ्या बाहीचा लोंबणारा दोरा कापून टाकला. मग म्हणाले, "हां, अब बोलो." कापलेला दोरा त्यांनी सवयीनं स्वतःच्या सदऱ्याला, डाव्या खांद्यावर चिकटवला. संध्याकाळी दुकानातून येताना त्यांचा तो खांदा रंगीबेरंगी असायचा. दुकान बंद झाल्यावर, आजारपणातही, कातर खिशात होती.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा मास्तरांना सोलापूरला नेणं सिस्टरनी अंगावर घेतलं. कुणी विनंती केल्याचं माझ्या माहितीत नाही. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेसातला गाडी फाटकात. भाभी मागं, मास्तर पुढं. निघण्याआधी सिस्टर मास्तरांच्या घोट्यावर अंगठा दाबून धरायच्या, पाच मोजायच्या, सोडायच्या आणि खळगा किती वेळात भरतो ते घड्याळात बघायच्या. रविवारी सकाळी हाच अंगठा गाडीच्या होजवर. दाबायचा, सोडायचा, रबर कसं परत येतं ते बघायचं. दोन्हीच्या नोंदी एकाच वहीत, डावीकडं मास्तर, उजवीकडं गाडी. भाभी एकदा म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या आजाराची वही हाय का गाडीची?" सिस्टर म्हणाल्या, "एक बंद पडलं तर दुसरं बंद पडतंय. दोन वह्या कशाला?"

त्या मे महिन्यात, आधीच्या दोन रविवारी उजव्या पानावर सारखीच नोंद आहे : 'खालचा होज मऊ. बदलणे.' ती वही मी पाहिली आहे. बदलला गेला नाही. वाशीला भाचीचं लग्न होतं, सिस्टर पाच दिवस तिकडं होत्या. मधल्या गुरुवारी मास्तर त्यांच्या पुतण्याच्या गाडीतून गेले.

सोमवारी सकाळी नळदुर्गच्या अलीकडे तो होज फुटला. बोनेटमधून वाफ आली, सिस्टरनी तापमानाचा काटा बघून लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. चारपाच जण जमले. झाकण उघडा, पाणी ओता, असं सगळे म्हणू लागले. सिस्टर बोनेटसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. "झाकनाला हात लावला त्येची बोटं मोडीन. उकळतं पानी तोंडावर उडंल, मग तुमास्नी कुठल्या गाडीतनं नेऊ?" पाऊण तास कुणाला हात लावू दिला नाही. मास्तरांना सावलीत बसवलं. दुसरी गाडी मिळून ते सोलापूरला पोचले असते तोवर वेळ टळली असती. केंद्रानं फोनवर सांगितलं, आज नाही. गुरुवारी केंद्र बंद. बुधवारी एक मशीन बारापर्यंत राखून ठेवू, नाहीतर शनिवार. ट्रॅक्टरला बांधून गाडी उमरग्याला आली.

मंगळवारी मास्तरांना आडवं पडलं की दम लागू लागला. ते खुर्चीतच बसून राहिले. पाय इतके सुजले की चपलांत शिरेनात. घोट्यावरचा खळगा भरायला किती वेळ लागला ते सिस्टरनी त्या दिवशी मोठ्यानं सांगितलं नाही, वहीत लिहिलं. बुधवारी लग्नाची मोठी तिथी होती. मी भाड्याच्या गाड्यांसाठी सात ठिकाणी फोन केले. सातही वऱ्हाडात लागलेल्या होत्या. पुतण्याची गाडीही एका वरातीत अडकलेली. एसटीत बसवून न्यायच्या स्थितीत मास्तर नव्हते. नवे होज सोलापूरच्या दुकानातून एसटीच्या पार्सलनं मागवले, ते मंगळवारी दिवेलागणीला आले. भाभी म्हणाल्या, आत्ताच बसवा. सिस्टरनी नकार दिला. "बत्तीच्या उजेडात सावली पडती. सावलीत चुकी हुती. सकाळी सहाला सुरू करीन, साडेआठला निघू."

मग त्या मास्तरांजवळ जाऊन म्हणाल्या, "मास्तर, सोमवारची चूक माझी. लिवलं हुतं, केलं न्हाय."

"लगीन होतं ना सिस्टर. भाचीचं."

"लग्नाआदी लिवलं हुतं."

बुधवारी सहाला मी नाड्या बांधल्या. मास्तरांना घरात कोंडल्यासारखं होत होतं, म्हणून त्यांची खुर्ची गाडीशेजारी, कडुलिंबाखाली ठेवली. काम सिस्टरनी केलं. मी घमेलं धरलं, पेचकस, ब्लेड, क्लिपा हातात दिल्या. खालचा होज अर्ध्या तासात सुटला. वरचा इंजिनाच्या बाजूला चिकटून बसला होता, त्याला दोन चिरा द्याव्या लागल्या. चारही तोंडांत फडकी कोंबली, तोंडं घासली. सात वाजता भाभींनी चहा आणला. सिस्टर हात धुवायला आणि चहा प्यायला पाच मिनिटं ओट्यावर गेल्या, मीही गेलो. परत येऊन त्यांनी लाल दोरे ओढून फडकी काढली, नवे होज सरकवले, क्लिपा आवळल्या, नवं कूलंट भरलं. आठ वाजून वीस मिनिटांनी मोजणी झाली. एंटु, ओंबत्तु. आणि पुढं काही नाही.

त्यांनी परत मोजलं. नऊ.

भाभी फाटकावरून पुढं आल्या. "क्या हुआ जी?"

"एक फडकं कमी हाय. गाडी निघणार न्हाय."

"चिंधी?" भाभींचा आवाज चढला. "एक चिंधी के वास्ते? सिस्टर, ह्यांचा दम बघा! उडाली आसंल कुठंतरी."

"वारं कुठं हाय?"

"कुत्र्यानं न्हेली आसंल!"

"कुत्रं आलं तवा किती वाजले हुते?"

कुत्रं आलेलं नव्हतं. सिस्टरनी सगळ्यांना जागेवर थांबायला सांगितलं. माझे खिसे उलटे करायला लावले. घमेल्यातलं जुनं कूलंट काठीनं ढवळलं. गाडीखाली चादर घालून स्वतः आडव्या झाल्या, गाऊनसकट. ओट्यावर, चहाच्या कपांखाली, झाडाच्या बुंध्याशी बघितलं. भाभींची पिशवी मागितली. भाभींनी ती रागानं जमिनीवर उपडी केली. डब्यातलं सफरचंद घरंगळत गाडीखाली गेलं.

"बगा! घ्या! माझ्या पिशवीत तुमची चिंधी! ह्यो मानूस मरतोय आन तुमी चिंध्या मोजायलाव!"

सिस्टर सामान एकेक उचलून परत पिशवीत ठेवत होत्या. सफरचंद पदरानं पुसलं. "भाभी, आत ऱ्हाईलं आसंल तर नळदुर्गच्या पुढं गाडी तापंल. ऊन बारा वाजायचं. मग ह्यास्नी रस्त्यावर घेऊन बसायचं. सोमवारी बसलो न्हवं का? दुसऱ्यांदा न्हाय बसनार मी."

"आत न्हाय ऱ्हाईलं! दोरा दिसला आसता न्हवं तुमचा तो लाल!"

हा मुद्दा बरोबर होता. चारही तोंडांवर त्यांनी दोरे बघूनच फडकी ओढली होती. दोरा नाही म्हणजे फडकं नाही. आठ अठ्ठेचाळीस झाले होते. भाभी रडायला लागल्या होत्या, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता.

तेव्हा सिस्टर मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा झडती घेण्याचा विचार होता की नाडी बघण्याचा, सांगता येत नाही. त्या थांबल्या. मीही बघितलं. मास्तरांच्या डाव्या खांद्यावर, सदऱ्यावर, वीतभर लाल दोरा चिकटलेला होता.

"मास्तर," सिस्टर हळूच म्हणाल्या, "ह्यो कुठला?"

मास्तरांनी मान वळवून खांद्याकडं बघितलं. मग वरच्या खिशाला हात लावला. कातर तिथं होती.

"लोंबत होता," ते म्हणाले. "तुमी चहाला गेलता. दिसला. हात गेला सिस्टर."

भाभींनी पदर काढला. "अल्ला! तुमीच शिवला हुता की त्यो!"

"हां. शिवला मीच." मास्तर खांद्यावरच्या दोऱ्याकडं बघत होते. "कापलाबी मीच."

सिस्टरनी विचारलं, "कुठल्या तोंडाचा? वरल्या का खालच्या?"

"वरला. इंजिनाकडचा."

"बरं."

वरच्या होजची इंजिनाकडची क्लिप सैल केली. कूलंट वाहून घमेल्यात आलं. होज ओढला. नळीच्या तोंडात बोटाच्या दोन पेरांइतकं आत पांढरं कापड दिसलं. सिस्टरनी ते चिमट्यानं धरलं आणि एकाच ओढीत बाहेर काढलं. ओलं, गुलाबी झालेलं. ट्रेमध्ये ठेवलं. मग पहिल्यापासून मोजायला लागल्या. ओंदु, एरडु. भाभींनी मध्येच म्हटलं, "अजून मोजायलाव?" आणि स्वतःच पुढं सिस्टरबरोबर मोजू लागल्या, इतक्या वर्षांत त्यांनाही कानडी आकडे पाठ झालेले होते. हत्तु, दोघी एकदम म्हणाल्या.

मास्तर खुर्चीतून उठायला बघत होते. "सिस्टर, मला लाज वाटायली. तुमी मला..."

"बसा. बोलू नगा, दम जपा. चूक तुमची न्हाय. पेशंटला ट्रेपाशी बसवायचंच न्हाय, ह्ये मला पयल्या वर्साला शिकवलं हुतं." त्यांनी हात पुढं केला. "पर कातर द्या हिकडं."

मास्तरांनी कातर दिली. सिस्टरनी ती ट्रेमध्ये ठेवली.

होज परत बसवून कूलंट भरेपर्यंत नऊ वाजून सहा मिनिटं झाली. आता तरी निघू, असं भाभी म्हणाल्या. सिस्टरनी झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि हीटर पूर्ण लावला. आत अडकलेली हवा निघाल्याशिवाय काटा खरं सांगत नाही, हे त्या मिस्त्रीकडून शिकल्या होत्या. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत होते. सिस्टर वरचा होज हातात धरून दाबत होत्या, सोडत होत्या. नऊ अठराला पंखा फिरला.

"लग्या पंखा! चलो!"

"एकदा लागला. दोनदा लागू दे."

"सिस्टर, तुमच्या पाया पडते."

"पाया पडाय वेळ हाय तर गाडीत बसून घ्या. मास्तरास्नी पट्टा लावा."

नऊ सव्वीसला पंखा दुसऱ्यांदा फिरला. बुडबुडे थांबले होते. सिस्टरनी कूलंटची पातळी बघून झाकण लावलं, बोनेट पाडलं, हात धुतले. गाऊनच्या नाड्या मी सोडल्या. दीड तास हातात राखून निघायचं असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात नऊ एकतीसला, दोन तासांच्या रस्त्यासाठी जेमतेम अडीच तास शिल्लक असताना, गाडी फाटकाबाहेर पडली. वाटेत काही झालं तर मदतीला कुणी हवं, म्हणून सिस्टरनी मलाही बसायला सांगितलं. मी मागं, भाभींच्या शेजारी होतो.

हायवेवर वराती होत्या. दोन ठिकाणी बँडमुळे रस्ता अडला, एका ठिकाणी वीस मिनिटं. सिस्टरनी हॉर्न वाजवला नाही. खाली उतरून नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरला आणि घोडा बाजूला घेतला. घोडेवाला काही बोलायच्या आत त्या परत येऊन बसल्या होत्या. नळदुर्गच्या पुढं त्या दर पाच मिनिटांनी काटा बघून मोठ्यानं सांगत होत्या, "मध्ये हाय." तिसऱ्यांदा मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "सिस्टर, त्येला बघू नका सारखं. लाजतंय."

"तुमी बोलू नगा म्हटलं न्हवं?"

"हां."

केंद्रावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आठ मिनिटं होती. दारात व्हीलचेअर आणली गेली. वजन केलं, त्रेसष्ट किलो दोनशे ग्रॅम. तिथल्या मुलीनं विचारलं, इतका उशीर का झाला? सिस्टर म्हणाल्या, "मोजणी जुळत न्हवती." मुलीनं ते लिहून घेतलं नाही.

बारा वाजून चौदा मिनिटांनी मशीन सुरू झालं. सिस्टर खाली जाऊन गाडी सावलीत लावून आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. वही काढली. डाव्या पानावर लिहिलं, उजव्या पानावर लिहिलं. मग तिथंच बसल्याबसल्या झोपल्या.

सव्वाचारला मशीन बंद झालं. वजन साठ किलो भरलं. मास्तर घरून अनवाणी आले होते, चपला भाभींच्या पिशवीत होत्या. पाच वाजता त्यांनी त्या मागून घेतल्या. पाय त्यांत शिरले.